सिस्टर, मावशी आणि अक्का

'शुश्रूषा' हा शब्द शुद्ध लिहिणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. उत्तरपत्रिकांतून 'सुश्रुषा', 'शुश्रुषा', 'सुश्रूषा' अशी त्याची नाना रूपे आमच्यासमोर येतात आणि दर वर्षी एखादा तास त्याच्यावर खर्ची पडतो. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्याचे इच्छार्थक रूप होऊन शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकावे म्हणून शिष्य त्याच्याजवळ राहतो, राहता राहता त्याची सेवा करतो, आणि पुढे शब्द ऐकण्यापासून सुटून सेवेलाच चिकटतो. फळा पुसला जातो, तास संपतो. या व्युत्पत्तीचा कोणाच्या जगण्याशी काही संबंध असेल, अशी विद्यार्थ्यांची अपेक्षा नसते. आमचीही फारशी नसे.

तो संबंध पाहण्याचा योग आम्हांला अक्कामुळे आला. अक्का म्हणजे आमच्यापैकी एकाची थोरली बहीण आणि दुसरीची नणंद. आमच्यापैकी एक तिला अगं-तुगं करतो, दुसरी अहो-जाहो. या लेखापुरते एकेरीवर एकमत झाले आहे. २००१ साली, दहावीनंतरचा ए.एन.एम.चा अभ्यासक्रम पुरा करून ती माणदेशातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून रुजू झाली. लशीचा डबा खांद्याला लावून वस्त्यावस्त्यांवर जाणे, गरोदर बायांच्या नोंदी ठेवणे, अडल्या वेळी बाळंतपण करणे, आणि उरलेल्या वेळात नोंदवह्या भरणे. नोंदवह्यांना उरलेला वेळ म्हणणे तिला मान्य होणार नाही. तिच्या मते उलटे आहे. अशी एकवीस वर्षे गेली. २०२२ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, सेवांतर्गत उमेदवार म्हणून तिने जी.एन.एम.ला, म्हणजे तीन वर्षांच्या पूर्ण परिचर्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. नवरा शेतीत, मुलगा बारावीत. घरातल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "आता कशाला?"

तिचे उत्तर आम्हांला पाठ आहे. "मला कसं करायचं ते येतंय. का करायचं ते येत नाही." करोनाच्या पहिल्या दोन वर्षांत तिची नेमणूक काही काळ तालुक्याच्या उपचार केंद्रात होती. तिथे शेजारच्या खाटेजवळ उभी असलेली पंचविशीतली परिचारिका यंत्रावरचा आकडा पाहून रुग्णाला पालथे झोपवते, आणि आकडा चढतो. अक्कानेही रुग्णांना पालथे केले; आकडा तिच्यासमोरही चढला. परंतु पालथे झोपल्याने फुप्फुसाचा कोणता भाग मोकळा होतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारायला उसंत नव्हती. हे न कळलेले तिच्या मनात राहिले.

नियमांची गंमत पाहण्यासारखी आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे जी.एन.एम.च्या प्रवेशाला किमान वय १७ आणि कमाल वय ३५, मात्र ए.एन.एम. व एल.एच.व्ही. झालेल्यांना वयाची वरची अट नाही. या फटीतून अक्का आत शिरली. आता हे आकडे आधुनिक परिचर्येच्या आरंभाशी ताडून पाहावेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात आपली शाळा उघडली, तेव्हा उमेदवारांचे इष्ट वय २५ ते ३५ असे छापले होते. म्हणजे सतरा-अठरा वर्षांची मुलगी तिला नकोच होती. ती स्वतः जर्मनीतल्या कायझर्सवर्थ येथे तीन महिने शिकायला राहिली तेव्हा, १८५१ साली, ३१ वर्षांची होती. परिचर्येला आधी थोडे जगून आलेली बाई लागते, असा तिचा कयास असावा. आमच्याकडे पस्तिशी ही वरची मर्यादा कायम राहिली आणि खालची मात्र सतराला जाऊन टेकली. परिचारिका म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी टोपीतली तरुणी, जी हिंदी चित्रपटांनी आणखी गोड केली, ती या शास्त्राच्या आरंभी नव्हती.

महाराष्ट्रातही ती नव्हती. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत इतिहासाचे प्रकरण असते. त्यात १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शिकायला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव येते. अक्काने ते पाठ केले, कारण परीक्षेला येते. आमचे लक्ष मात्र त्या नावात अडकले. आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. गणपत हा बाप की नवरा, तेही त्या ओळीतून उमगत नाही. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, गो. कृ. देवधर त्यांच्या जोडीला होते, आणि ससून रुग्णालयाच्या सहकार्याने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय तिथे झाली. रमाबाई तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या विधवा होत्या. शिकायला येणाऱ्यांतही विधवा होत्या. संसार मोडल्यावर हाती पाटी घेतलेल्या बाया. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, कोणाच्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढायचे. सोवळ्यात वाढलेल्या बाईला याहून मोठे उल्लंघन कोणते? स्त्रीशिक्षणाच्या आपल्या इतिहासात पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर यांना मखर मिळते. खाटेजवळ उभ्या राहिलेल्या या प्रौढ विद्यार्थिनी मात्र वार्षिक अहवालांच्या आकड्यांत राहिल्या. त्यांच्यापैकी कोणी आत्मचरित्र लिहून ठेवले असते, तर मराठी गद्याला एक वेगळा आवाज लाभला असता, असे आम्हांला सारखे वाटते.

अक्काची शाळा जिल्ह्याच्या ठिकाणी, रुग्णालयाच्या आवारातच होती. नाव सांगत नाही. वसतिगृहात एका खोलीत चौघी. बाकीच्या तिघींची वये मिळवली तरी अक्काच्या वयाहून दहा-बाराच अधिक भरत. पहिला आठवडाभर त्या तिला 'काकू' म्हणत. मग एका रात्री कोणाच्या तरी पोटात दुखायला लागले, आणि तेव्हापासून 'अक्का' झाली. वसतिगृहाबाहेर रात्र काढायची तर अर्जावर पालकाची सही लागे. ४३ वर्षांच्या बाईचा पालक कोण? नवऱ्याचे नाव प्रवेशाच्या वेळी कारकुनाने 'पालक' या रकान्यात न लिहिता दुसऱ्याच एका रकान्यात लिहून ठेवले होते. पालक म्हणून वडिलांचे नाव पडले. तेव्हा अण्णा ७६ वर्षांचे होते, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षे झालेली. ते आमच्याकडे राहत. शाळेकडून आलेल्या कागदावर त्यांनी बाकदार अक्षरात सही केली आणि म्हणाले, "चौथीच्या प्रगतिपुस्तकानंतर आत्ताच."

अडचण मुख्यतः इंग्रजीची होती. ए.एन.एम.चा अभ्यास तिने मराठीत केला होता. इथे पुस्तके इंग्रजी, उत्तरे इंग्रजीत. रात्री नऊनंतर तिचा फोन येई. आम्ही मराठीचे अध्यापक. आम्हांला शरीररचनाशास्त्र कुठून येणार? पण शब्दाची चिरफाड करण्याचा आम्हांला सराव. 'डेक्युबिटस' म्हणजे काय? लॅटिनमध्ये आडवे पडणे; म्हणजे शय्याव्रण. "मग पहिल्यांदाच शय्याव्रण का म्हणत नाहीत?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही विद्यापीठाजवळ नसावे. पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया या विषयात ती नापास झाली. वर्गातल्या आणखी मुलीही झाल्या होत्या, त्या रडल्या. अक्का त्या दिवशी दुपारच्या पाळीला गेली आणि पुरवणी परीक्षेत तो विषय सोडवला.

गणिताने मात्र तिला कधी दगा दिला नाही. सलाईनचे गणित हे नव्या मुलींचे भय. ५०० मिलिलिटर द्रव आठ तासांत द्यायचा आहे, नळीतून एका मिलिलिटरचे १५ थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? अक्का तोंडी करी. पाचशे गुणिले पंधरा, साडेसात हजार थेंब. आठ तासांची चारशे ऐंशी मिनिटे. मिनिटाला पंधरा पूर्णांक सहा, म्हणजे सोळा. हे अण्णांचे देणे. पावकी, निमकी, दीडकी म्हटल्याशिवाय त्यांनी पोरांना जेवायला बसू दिले नव्हते. खोलीतल्या मुली भ्रमणध्वनी काढून बोटे चालवीत तोवर हिचे घड्याळाकडे पाहून थेंब मोजणे सुरू झालेले असे.

वॉर्डातली नावे हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. शासनाच्या कागदावर अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी संस्कृतप्रचुर उतरंड आहे. हे शब्द ज्यांच्याविषयी आहेत त्यांनाही ते पगारपत्रकावरच भेटतात. केंद्र सरकारने आता 'नर्सिंग ऑफिसर' असे पदनाम केले आहे. परंतु खाटेवरचा माणूस यांपैकी काहीच म्हणत नाही. तो नाती लावतो. परिचारिका ही सिस्टर, पुरुष असेल तर ब्रदर. झाडलोट करणारी, भांडी देणारी ती मावशी. चाकाची खुर्ची ढकलणारा तो मामा. सगळे रुग्णालय म्हणजे एक भले मोठे आजोळ. डॉक्टर तेवढे त्यात कोणाचे कोणी नाहीत, ते साहेब. बारकाईने पाहिले तर या नात्यांत श्रेणी लपलेली दिसते. इंग्रजी नाते वरच्या कामाला, मराठी नाते खालच्या कामाला. सिस्टर सुई देते, मावशी भांडे देते.

अक्का या व्यवस्थेत कुठे बसावी? अंगावर विद्यार्थिनीचा गणवेश, पण केस पांढरे, अंग सुटलेले, पायात गुडघेदुखीची चप्पल. पहिल्याच महिन्यात पुरुषांच्या वॉर्डात नातेवाइकांनी हाक मारली, "ओ मावशी, पॉट आणा की!" शेजारी उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला तेच लोक 'सिस्टर' म्हणत होते. मुलगी ओशाळली. अक्काने भांडे नेऊन दिले, रुग्णाला नीट बसते केले, पडदा ओढला, नंतर पुसून, झाकून परत नेले. फोनवर तिने हे सांगितले तेव्हा आम्हांला जितका राग आला तितका तिला आलेला नव्हता. "पॉट द्यायचं हे सिस्टरनंच शिकायचं असतंय. पहिल्या वर्षाला त्याचं प्रात्यक्षिक आहे, मार्क आहेत," ती म्हणाली. तिचा आक्षेप वेगळाच होता. पुढे तीन वर्षांत पुष्कळांनी तिला मावशी म्हटले. तिला खटकले ते हे, की मावशी म्हटल्यावर माणूस तिला आपले दुखणे सांगत नसे. भांडे मागे, पाणी मागे, पंखा लावायला सांगे. दुखणे सिस्टरसाठी राखून ठेवी.

आणि दुखणे ऐकण्यातच तर अक्काचा हातखंडा! एकवीस वर्षे ओसरीवर बसून तिने ते केले होते. मराठीत वेदनेला किती शब्द आहेत, याचा हिशेब आम्ही वर्गात कधी घेतला नव्हता. कळ येते, ती येते आणि जाते, ठणका नाडीबरोबर चालतो, सणक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावते, चमक क्षणाची, मुरडा फक्त पोटाचा, ठुसठुस पिकणाऱ्या गळवाची, चुणचुण, भगभग, जळजळ या तिघी बहिणी, पण स्वभाव निरनिराळे. इंग्रजी पुस्तकात वेदनेचे प्रकार दिलेले आहेत आणि परीक्षेला ते लिहावे लागतात. अक्काने ते पाठ करताना प्रत्येकापुढे आपला शब्द लिहून ठेवला आणि वर्गातल्या मुलींनी ती वही उतरवून घेतली. शहरात वाढलेल्या मुलींना 'कणकण' ठाऊक होती, 'अंग मोडून येणे' ठाऊक होते. त्यापलीकडे सगळे 'पेन'.

दुसऱ्या वर्षी एका रात्रपाळीत साठीचा एक शेतकरी, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला, "घाबरं होतंय" असे म्हणाला. पाळीवरच्या विद्यार्थिनीने नोंद केली की रुग्णाला उद्याच्या शस्त्रक्रियेची भीती वाटते, आणि त्याला धीर दिला. पुस्तकाप्रमाणे तिने योग्यच केले. अक्काने ती नोंद वाचली आणि खाटेजवळ गेली. माणदेशी म्हातारा भ्यायला तर 'भ्या वाटतंय' म्हणेल; 'घाबरं होतंय' म्हणजे छातीत कालवाकालव होते आहे, श्वास पुरत नाही. तिने नाडी पाहिली, कपाळाचा घाम पाहिला, पाळीवरच्या सिस्टरला उठवले. डॉक्टर आले, हृदयाचा आलेख काढला, आणि म्हाताऱ्याला त्याच रात्री दुसऱ्या विभागात हलवले. तो वाचला. एका क्रियाविशेषणावर माणसाचे प्राण असू शकतात, हे व्याकरणाच्या तासाला सांगितले तर विद्यार्थी हसतील. श्रु धातूचे इच्छार्थक रूप म्हणतात ते हेच असावे.

चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचर आणि रोगी. परिचराचेही चार गुण सांगितले: उपचाराचे ज्ञान, दक्षता, भर्त्याविषयी अनुराग आणि शुचिता. ज्ञान पहिले आहे, हे लक्षात घ्यावे. अनुराग तिसरा. आपण मात्र परिचारिकेचे कौतुक करतो ते मायेसाठी, त्यागासाठी. जणू तिच्याजवळ असलेले शास्त्र हे मायेचे उपफळ. भर्ता या शब्दाची मात्र आम्हांला धास्ती वाटते. भरणपोषण करणारा तो भर्ता, म्हणजे धनी. मराठीत येताना तो भ्रतार होऊन नवराच झाला. खाटेवरच्या परावलंबी माणसाला धनी म्हणणे यात एक सुंदर उलटापालट आहे खरी, पण सेवा करणाऱ्याने धन्यावर प्रेम करावे ही अपेक्षा पुढे कोणाकोणाच्या सोयीची झाली ते सांगायला नको. नव्या विद्यार्थिनी दिवा हाती धरून जी नाइटिंगेलची शपथ घेतात, ती मुळात नाइटिंगेलची नव्हेच. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती रचली. त्या मूळ मसुद्यातही डॉक्टरशी निष्ठेचे वचन आहेच. अक्काने शपथ घेतली ती मोठ्याने. तिच्या वयाची एकही बाई त्या रांगेत नव्हती, आणि समोर पालकांच्या खुर्च्यांत अण्णा बसले होते, बारावीच्या नातवाच्या शेजारी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. अक्काला कळवले तेव्हा ती वॉर्डात होती. रजेचा अर्ज केला. त्यावर पालकाची सही मागितली गेली. पालक आमच्या घरी उजवा हात हरवून पडलेले. शेवटी कोणीतरी समंजस बाईने तो रकाना कोरा ठेवून अर्ज मंजूर केला आणि अक्का चार दिवस आली. चारच. हजेरीचे तास ठरलेले असतात, ते भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. वर्ष गेले तर ती शेहेचाळिशीत पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसली असती, किंवा बसलीच नसती.

नातेवाइकांनी जे म्हणायचे ते म्हटले. सख्खा बाप अंथरुणाला खिळलेला आणि लेक परक्यांची अंथरुणे आवरते. एका आत्याने तर विचारले, "हे शिक्षण मग घरच्यांसाठी नाही तर कशाला?" प्रश्न क्रूर होता आणि अगदीच निराधारही नव्हता, अक्काने तो स्वतःला विचारला नसेल असे नाही. अण्णाही तिलाच मागत होते. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली होती ती चमत्कारिक रीतीने. पाणी हा शब्द येईना, आमची नावे येईनात. पण पाढे येत. कोणी 'बे एके' म्हटले की पुढचा पाढा दहापर्यंत सलग, खणखणीत. आणि 'अक्का'. तहान लागली तरी अक्का, कूस बदलायची असली तरी अक्का. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, पाठ झालेले शब्द मेंदूत निराळ्या वाटेने येतात, असे पुष्कळ रुग्णांत दिसते.

त्या चार दिवसांत अक्काने अण्णांची सेवा फारशी केली नाही. ती आम्हांला शिकवत राहिली. भिंतीवर एक तक्ता लावला: सहा वाजता डावी कूस, आठला उताणे, दहाला उजवी कूस, बाराला पुन्हा डावी. कुशीवर करताना पूर्ण आडवे करायचे नाही, पाठीमागे उशी देऊन तीस अंशांत टेकवायचे. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा गादीला लागू द्यायच्या नाहीत. दुबळ्या हाताला धरून ओढायचे नाही, खांदा निखळतो. प्रत्येक वेळी माकडहाड, टाच आणि खुबा पाहायचा. लाल दिसले तर बोटाने दाबायचे. दाबल्यावर पांढरे होऊन पुन्हा लाल झाले तर ठीक. लाल तसेच राहिले तर व्रणाची सुरुवात. आडवे असताना पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. हे सर्व तिने चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडता दुमडता सांगितले, आणि मग आमच्याकडून करून घेतले. आमच्यापैकी एकाला बापाचे धोतर सोडताना संकोच होत होता, दुसरीला सासऱ्याला उघडे पाहताना. अक्काने आधी टॉवेल टाकला, मग धोतर सोडले. झाकून उघडणे, हेही प्रात्यक्षिकात असते.

तिच्या सांगण्यावरून आम्ही नाइटिंगेलचे 'नोट्स ऑन नर्सिंग' वाचले. पुस्तक १८५९ चे. परिचारिकांसाठी लिहिलेले नाही, घरी कोणाचे ना कोणाचे आजारपण काढावे लागणाऱ्या बायांसाठी लिहिलेले. त्यात बारीकसारीक व्यवस्थेचे एक प्रकरण आहे. तुम्ही असताना जे होते ते तुम्ही नसतानाही होईल असे करून ठेवणे, हे त्याचे सार. भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभे राहून आम्ही ते वाचले. आजाऱ्याला भेटायला येऊन पोकळ आशा देणाऱ्यांवरही तिने एक प्रकरण खर्च केले आहे. ते आमच्या दिवाणखान्यात बसून लिहिले असावे इतके जुळते. "काही होत नाही, श्रावणात चालायला लागणार बघा!" असे म्हणणारे गृहस्थ दिवसाला किमान दोन येत, आणि ते गेल्यावर अण्णा डोळे मिटून घेत.

या दिवसांत अरुणा शानबाग यांची आठवण येणे साहजिक होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी पिढ्या बदलत तिची शुश्रूषा केली. दयामरणाच्या याचिकेवर मार्च २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तिची 'निकट मित्र' म्हणून याचिका करणाऱ्या लेखिकेला न मानता रुग्णालयाच्या कर्मचारिवर्गाला मानले. दयामरणाविषयी आमचे मत येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. पण नाते कशाने सिद्ध होते, या प्रश्नाला एका न्यायालयाने दिलेले हे उत्तर आम्हांला आमच्या आत्याबाईंना वाचून दाखवावेसे वाटले होते. दाखवले नाही. त्या दिवशी त्यांनी अण्णांसाठी घरून मऊ भात आणला होता.

अण्णा सहा महिने होते. ऑगस्टमध्ये गेले. अक्का रोज रात्री फोनवर तक्ता विचारी आणि आम्ही हजेरी द्यावी तसा देत असू. शेवटच्या आठवड्यात ती रजा मिळवून आली, आणि पहिल्या रात्री आम्हांला झोपायला पाठवून तिने त्यांना पाठीवरून कुशीवर केले. सकाळी ती म्हणाली, "पाठ स्वच्छ आहे." एवढेच. अण्णांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाले नव्हते. त्या रात्री ते दोघे काय बोलले म्हणाल, तर एकोणतिसाचा पाढा. लहानपणी तोच तिला येत नसे.

२०२५ च्या अखेरीस ती उत्तीर्ण झाली, परिचर्या परिषदेत नवी नोंदणी झाली. पदोन्नतीचा कागद कोणत्या मेजावर आहे ते कळत नाही. तोवर ती त्याच उपकेंद्रावर, त्याच पदावर, तोच लशीचा डबा घेऊन जाते. याबद्दल तिच्यापेक्षा आम्हीच अधिक चडफडतो. तिचे म्हणणे, का करायचे ते आता येते, आणि वस्तीवरच्या बायांना ते सांगता येते.

मध्यंतरी तिने तिची ती वेदनांची वही आमच्याकडे शुद्धलेखनासाठी पाठवली. तीन रकाने: रुग्णाचा शब्द, पुस्तकातला शब्द, काय पाहायचे. शब्द दीडशेच्या वर झाले आहेत. 'चुणचुण' आणि 'चुरचुर' यांत भेद करावा की नाही, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. अक्काच्या मते भेद आहे, आणि डोळे, जखम व मूत्रमार्ग यांना वेगवेगळे लागू होते. 'पोटात कालवतंय' याच्यापुढे पुस्तकातल्या शब्दाची जागा कोरी आहे. आम्ही मळमळ सुचवली होती. तिने ती खोडली. तिसऱ्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिले आहे, 'कधीपासून, ते विचारणे.'